भिंतीला आलेलं पोट

रविवारी पहाटे मागच्या दाराची कडी आवाज न करता काढायची कला मला कॅमेऱ्याने शिकवली. दाराला खांद्याने किंचित रेटायचं, कडी वर उचलायची आणि मग सरकवायची. जुन्या वाड्याचं दार होतं ते, चुकीचा हात लागला की सगळ्या आळीला उठवायचं. एवढं करूनही सासूबाईंना कळायचंच. आतून आवाज यायचा, "निघालीस का पक्ष्यांकडे? डबा घेतलास?"

पक्ष्यांकडे म्हणजे कवडी पाटला. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की लोणी काळभोरच्या अलीकडे आत वळायचं, तिथे मुळा-मुठेवर जुना बंधारा आहे. अख्ख्या शहराचं सांडपाणी पोटात घेऊन आलेली नदी, तिच्यावर साबणासारखा फेस, नाकाला रुमाल लावावा असा वास, आणि त्याच पाण्यात लाल काटकुळ्या पायांवर ऐटीत उभे असलेले शेकाटे. हिवाळ्यात चक्रवाक येतात. फोटोत वास येत नाही, म्हणून ते फोटो फार सुंदर दिसतात.

आम्ही पाच-सहा जण होतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, एक दातांचे डॉक्टर, सोलापूरहून इंजिनिअरिंगला आलेला एक पोरगा, आणखी दोघे कधी येणारे कधी न येणारे, आणि मी, शाळेत भूगोल शिकवणारी. फोटो काढायला दीड तास पुरायचा, कारण नऊनंतर ऊन कडक होतं. मग हायवेच्या कडेला टपरीवर चहा आणि क्रीमरोल, आणि तिथे दोन-अडीच तास बोलणं. खरा कार्यक्रम तोच. पक्षी निमित्तमात्र.

बोलणं म्हणजे एकमेकांना सल्ले. हौशी फोटोग्राफरइतका सढळ हाताने सल्ला देणारा प्राणी मी नंतर फक्त नातेवाइकांत पाहिला. "कोणता कॅमेरा घेऊ?" असं कुणी नवख्याने विचारलं की प्रत्येकजण आपल्याकडे जो आहे तोच सांगायचा. आपण घालवलेले पैसे बरोबर घालवले, याला आणखी एक साक्षीदार मिळत असावा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न "बजेट किती?" आणि दुसरा "त्यात आणखी दहा हजार घालता येतील का?" पोरगा थेट मॉडेल नंबर सांगायचा. काका मात्र विचारायचे, "घरात कॅमेऱ्याचं कपाट कुठल्या भिंतीला आहे?"

पहिल्यांदा हा प्रश्न मला विचारला तेव्हा वाटलं, वास्तुशास्त्र वगैरे असावं. तसं नव्हतं. कपाट बाहेरच्या भिंतीला असेल तर पावसाळ्यात ओल झिरपते, ओलीने लेन्सला बुरशी लागते, आणि मग लेन्स कितीही भारी असली तरी तिच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी उमटते. बुरशी काचेवरचा मुलामाही खाते, त्यामुळे साफ केली तरी डाग उरतो. "आधी कपाट हलवा, मग लेन्स घ्या," असं काका सांगायचे. ते पस्तीस वर्षं कर्जं देत आले होते, तारण काय आहे हे पाहिल्याशिवाय त्यांना पुढे बोलताच येत नसे.

कपाट हलवायला वाड्यात दुसरी भिंत होतीच कुठे? मग काकांनीच उपाय सांगितला. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेलच्या पुरचुंड्या, आणि आत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहिला पाहिजे. फार खालीही नको, लेन्समधलं वंगण आणि रबर सुकतं. सिलिका जेलचे निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की ते गरम करायचे, पुन्हा निळे होतात. मी ते पोळीच्या तव्यावर भाजायला घेतले. त्या निळ्या रंगात कोबाल्टचा विषारी क्षार असतो हे डॉक्टरांनी फोनवर ओरडून सांगेपर्यंत तवा चांगला तापला होता. तो तवा कायमचा माझ्या छंदाच्या नावे लागला. सासूबाईंनी त्याच्यावर खडूने "कॅमेरा" असं लिहून तो वेगळ्या खुंटीला टांगला.

पोराचीही एक फजिती सांगते. त्याने निकॉनचा डी ३१०० घेतला आणि सगळे म्हणतात म्हणून त्याला पन्नास एमएमची एक पॉइंट आठ डी लेन्स लावली. स्वस्त आणि गुणी लेन्स, सल्ला शंभर नंबरी. पण ती फोकस करण्यासाठी कॅमेऱ्यातल्या मोटरवर अवलंबून असते, आणि डी ३१०० मध्ये ती मोटरच नाही. माझ्या डी ९० मध्ये होती, म्हणून मी छातीठोकपणे "घे" म्हटलं होतं. बिचारा दोन वर्षं हाताने रिंग फिरवत फोकस करत राहिला. उडत्या चक्रवाकाचा त्याने तशा अवस्थेत काढलेला एक फोटो आमच्या कुणालाही जमला नसता, पण म्हणून काही माझा सल्ला बरोबर ठरत नाही.

आता भिंतीकडे येते.

२०११ च्या दिवाळीत मी एक जुनी अठरा-एकशेपाच एमएमची झूम लेन्स घेतली. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात नवीचा भाव विचारून आले होते, तो परवडेना. मग एका गृहस्थाने विकायला काढलेली मिळाली. दादरला स्टेशनबाहेर आम्ही भेटलो. त्याने कापडी पिशवीतून लेन्स काढली, मी मोबाइलच्या टॉर्चने तिच्यात बुरशी शोधली, पैसे दिले, आणि येताना गाडीत सगळा वेळ ती मांडीवर धरून बसले. घरी आल्यावर लगेच काकांना फोन. काका म्हणाले, "टेस्ट घेतलीस का? भिंतीचा फोटो काढ. विटांच्या."

विटांची भिंत ही लेन्सची मॅट्रिकची परीक्षा. विटांच्या सरळ रेघा असतात, त्यामुळे लेन्स चित्राला कुठे वाकवते ते उघडं पडतं, आणि कडेकोपऱ्यांत ती किती धूसर होते तेही दिसतं. झूम लेन्स अठराला, म्हणजे अगदी रुंद टोकाला, सरळ रेघांना बाहेरच्या बाजूला फुगवते, पिंपासारखी. त्याला बॅरल डिस्टॉर्शन म्हणतात. जरा पुढे झूम केलं की उलट होतं, रेघा मध्ये आत खेचल्या जातात. हे सगळ्याच झूममध्ये थोडंफार असतं. प्रश्न फक्त किती, एवढाच.

वाड्याच्या मागच्या अंगणात गिलावा गळून पडलेली एक भिंत होती. पातळ, जुन्या घडणीच्या विटा, मध्ये चुना. मी तिपाई लावली आणि शाळेच्या प्रयोगासारखे फोटो काढायला लागले. अठराला, चोवीसला, पस्तीसला, पन्नासला. प्रत्येक ठिकाणी अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं भोक, लहानमोठं करून. सासूबाई काठीने वलणीवर कपडे वाळत घालत होत्या. त्या मध्ये येत होत्या, मी "आई, जरा बाजूला" म्हणत होते. शेवटी त्या वैतागल्या. "अगं, भिंतीचे काय फोटो काढतेस? माणसांचे काढ की!"

"टेस्ट आहे आई. हे नंतर पुसूनच टाकायचेत."

"पुसायचेच आहेत तर काढतेस कशाला?"

याला मी काहीतरी तांत्रिक उत्तर दिलं.

पुढच्या रविवारी टपरीवर लॅपटॉप उघडला आणि चर्चा पेटली. डाव्या अर्ध्यात विटांचे थर स्पष्ट वाकलेले होते. अठराला वाकले तर ठीक, पण पन्नासलाही वाकलेले! तिथे खरं तर रेघा आत जायला हव्यात. डॉक्टर म्हणाले, लेन्स पडलेली आहे, आतली एखादी काच कलली आहे, परत कर. म्हणायला सोपं. दादरच्या गृहस्थाचा फोन लागत नव्हता. दुसरा कुणी म्हणाला, तिपाई तिरकी असेल. काकांनी काहीच मत दिलं नाही. "मूळ फाइली दे," म्हणाले. "बारीक करून मेलवर नको, पेन ड्राइव्हवर पूर्ण दे. पावती पाहिल्याशिवाय मी बोलत नाही."

युक्ती पोराला सुचली. "मॅडम, कॅमेरा उलटा धरून एक काढा ना. दोष लेन्सचा असला तर तो डावीकडून उजवीकडे जाईल. भिंतीचा असला तर जाग्यावरच राहील."

किती साधी गोष्ट! मी घरी जाऊन कॅमेरा उलटा बांधला, तसेच दहा-बारा फोटो काढले. काकांनी ते तपासले, मी तपासले, डॉक्टरांनी चष्मा लावून तपासले. वाक जागचा हलला नव्हता. विटा जिथे वाकड्या होत्या तिथेच वाकड्या होत्या. लेन्स निर्दोष सुटली, त्या आनंदात मी सगळ्यांना मिसळ खिलवली.

भिंत वाकडी आहे तर मग तिचं काय, हे कुणीच विचारलं नाही. ज्यांचा पहिला प्रश्न कायम भिंतीबद्दल असायचा, त्या काकांनीसुद्धा नाही. भिंतीला पोट आलंय हे आम्ही सहा माणसांनी पन्नासएक फोटोंनिशी सिद्ध केलं, आणि टेस्टचे फोटो म्हणून मी ते त्याच आठवड्यात पुसून टाकले.

कधी कधी वाटतं, हा आपला मूर्खपणा काही आजचा नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते, पेशाने वैद्य आणि हौशीने फोटोग्राफर. तेव्हाच्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. आपल्या उन्हात ती किती वेळ ओली राहणार? ती मंडळी जमली की यावरच घसा कोरडा होईपर्यंत बोलत असणार, अशी माझी खात्री आहे. काच कुठली, रसायन किती, तंबू कसा. काचेच्या निगेटिव्ह खाचा पाडलेल्या लाकडी पेट्यांत उभ्या ठेवत. एक पेटी हातातून सुटली की संपलं. त्यांची साठवणूक निदान जड तरी होती, उचलताना कळायचं की आपण काहीतरी उचलतोय.

आमच्या साठवणुकीला वजनच नव्हतं. माझ्या डी ९० ची एक रॉ, म्हणजे न दाबलेली कच्ची, फाइल दहा-अकरा एमबीची असायची. एका सकाळी तीनशे क्लिक म्हणजे तीन जीबी. सुरुवातीला मी डीव्हीडी भरल्या, एकीत साडेचार जीबी मावायचे, म्हणजे दीड रविवार. पाच वर्षांनी त्यातल्या काही लावल्या तर ड्राइव्ह नुसता घरघरत राहिला. डीव्हीडीचा रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि उष्णतेने मरतो, हे काकांनी आधीच सांगितलं होतं. मी त्या गॅलरीकडच्या फळीवर ठेवल्या होत्या.

काकांची पद्धत पाहायला मी एकदा मुद्दाम त्यांच्या घरी गेले. लाल कापडी पाठीचं लांबट रजिस्टर, बँकेत असायचं तसं. पहिल्या रकान्यात डिस्कचा क्रमांक, मग तारीख, फोल्डरचं नाव, फाइलींची संख्या, एकूण आकार, आणि शेवटी सही. स्वतःचीच. दर एप्रिलमध्ये सगळ्या डिस्क एकेक करून लावायच्या, फाइलींची संख्या रजिस्टरशी जुळवायची, आणि पाच वर्षं झालेली डिस्क नव्या डिस्कवर उतरवून घ्यायची. मी म्हटलं, "काका, एकदा बॅकअप घेतला की झालं ना?" ते म्हणाले, "ते काय फिक्स्ड डिपॉझिट आहे? आणि एफडीसुद्धा रिन्यू करावी लागते बाई." एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, विजेशिवाय वर्षानुवर्षं कपाटात ठेवली तर तिच्यातला भार हळूहळू गळतो, म्हणून त्यांनी ती वापरायला घेतली, साठवायला नाही. चार डिस्क एकत्र जोडणारा रेड बसवणाऱ्या डॉक्टरांनाही ते सुनवायचे, "एक डिस्क गेली तर तो तुम्हाला वाचवेल, पण तुम्हीच चुकून फोल्डर पुसलात तर तो चारही डिस्कवरून तत्परतेने पुसेल."

आणि काका काहीही पुसत नसत. हलके, धूसर, लेन्सचं झाकण लागलेलं राहून काळे आलेले, सगळे फोटो त्यांच्याकडे जसेच्या तसे. त्याला आम्ही काकांचं भंगारचं दुकान म्हणायचो. ते म्हणायचे, "खातं बंद झालं तरी लेजर फाडत नाहीत."

मी त्यांच्या मानाने आधुनिक. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम मी पाळायला लागले. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची म्हणजे नेटवर. २०१३ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या साइटने एक टीबी जागा फुकट दिली तेव्हा आम्ही टपरीवर पेढे वाटायचे बाकी होतो. २०१८ मध्ये मालक बदलले आणि फुकट खात्याला हजार फोटोंची मर्यादा आली. गूगल फोटोजने २०१५ मध्ये अमर्याद जागा देऊ केली, फक्त फोटो दाबून लहान करण्याच्या अटीवर, आणि १ जून २०२१ पासून तीही सोय बंद केली. मग मी पैसे भरायला लागले. इतकं सगळं करून माझे भिगवणचे रोहित पक्षी आज तीन ठिकाणी अत्यंत सुरक्षित आहेत. उजनीच्या पाण्यात पहाटेच्या धुक्यात, होडीतून काढलेले. असेच रोहित पक्षी पुण्यातल्या किमान दहा हजार लोकांच्या डिस्कवर असतील, पण माझे तीन ठिकाणी आहेत.

वाडा २०१५ मध्ये उतरवला. त्याआधी दोन पावसाळे मागच्या भिंतीला लाकडी टेकू लागले होते. पहिला टेकू लावताना गवंडी म्हणाला, "पोट आलंय हिला, बरीच वर्षं झाली असतील." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला आतल्या आत लाज वाटली, आणि सांगणार तरी कुणाला की मला माहीत होतं. मग धोकादायक वाड्याची नोटीस आली, बिल्डर आला, भाऊबंदांच्या सह्या झाल्या, आणि एका मे महिन्यात सगळं सपाट झालं. सामान हलवायच्या गडबडीत मी कॅमेरा काढलाच नाही. तो सगळ्यात आधी, नीट पॅक करून, बहिणीकडे पाठवला होता. सुरक्षित.

आता त्याच जागेवर सहाव्या मजल्यावर आम्ही राहतो. गेल्या वर्षी सासूबाईंनी एकदा जेवताना विचारलं, "आपल्या वाड्याचा एखादा फोटो असेल ना गं तुझ्याकडे? एवढे फोटो काढायचीस."

मी शोधले. दोन दिवस शोधले. एका लग्नातला मांडव घातलेला दरवाजा सापडला, त्यात दरवाजा कमी आणि झेंडू जास्त. बाकी चक्रवाक. कार्डावरून पुसलेल्या फाइली परत मिळवणारं फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर असतं, तेही जुन्या कार्डांवर चालवून पाहिलं. पुसलं म्हणजे फक्त पाटी काढलेली असते, मजकूर तसाच राहतो, त्यावर नवं लिहिलं गेलं नसेल तर मिळतो. माझ्या कार्डांवर पुन्हा पुन्हा लिहिलं गेलं होतं. आणखी चक्रवाक निघाले.

मग काकांना फोन केला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, कवडी पाटला येत नाहीत. म्हटलं, "काका, एक वेडगळ प्रश्न विचारू?" रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज फोनवर ऐकू आला. "डिस्क सात," ते म्हणाले, "आता ती अकरामध्ये आहे. फोल्डरचं नाव, अठरा-एकशेपाच, वाकडेपणा, प्रश्नचिन्ह. त्रेसष्ट फाइली. ये घेऊन जा. येताना रिकामा पेन ड्राइव्ह आण, माझ्याकडचा देणार नाही."

त्रेसष्टच्या त्रेसष्ट उघडल्या. शेवटच्या बाराएक उलट्या आहेत, कॅमेरा उलटा बांधला होता ते कॅमेऱ्याला कळलंच नव्हतं. त्यांत आकाश खाली आहे आणि वलणीवरची ओली लुगडी वर उभी राहिल्यासारखी. बाकीच्यांत भिंत. डावीकडे थर खाली झुकलेले, पोट आलेलं, आता इतकं ठळक दिसतं की तेव्हा आम्ही काय पाहत होतो असं वाटावं. काही फोटोंत उजव्या कडेला एक कोपर आणि काठी. एकात सासूबाई अर्ध्या आत आल्या आहेत आणि कॅमेऱ्याकडे रागाने बघताहेत, म्हणजे माझ्याकडे.

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांचं बोट फिरत फिरत खाली डाव्या कोपऱ्यात गेलं.

"इथली वीट सैल होती. मागे दूधवाल्याचे सुटे पैसे ठेवायची मी. ह्यांनासुद्धा माहीत नव्हतं." थोडं थांबून म्हणाल्या, "मोठं करता येतं का हे?"

मी शंभर टक्क्यांवर नेलं. अठरा एमएम, अॅपर्चर पूर्ण उघडं, अगदी टोकाचा कोपरा. विटा पाण्यात ठेवल्यासारख्या दिसत होत्या. सैल कुठली आणि घट्ट कुठली, काही कळेना. बाकीच्या फाइली उघडल्या, अॅपर्चर बारीक केलेल्या, पन्नासच्या. पन्नासला तो कोपरा चौकटीतच नव्हता. एफ आठच्या, म्हणजे बारीक अॅपर्चरच्या, एका फाइलीत जरा बरं होतं, पण तिच्यात नेमकी त्या जागी लुगड्याची सावली.

"हात हलला का गं तुझा?"

"नाही आई. तिपाई होती. लेन्स तशी आहे."

"मग त्या सगळ्यांनी मिळून तपासलं काय?" त्या म्हणाल्या, आणि सावलीची फाइल पुन्हा लावायला सांगितली.